घुगे, एक

"किती जण?"
दाराशी वही घेऊन उभा मुलगा माझ्याकडे बघत नाही,
माझ्या मागे बघतो.
मागे कोणी नाही. मागे टिळक रोड आहे
आणि वळायला जागा शोधणारी एक पीएमटी.
"एक," मी सांगते.
तो लिहितो. केळुसकर ६, शहा ११, घुगे १.
माझ्या खाली बागवान ४.

दोन दिवस हाच आकडा कामी येतोय.
कात्रजच्या बोगद्यापलीकडे, त्या पार्कात,
रांगेच्या तोंडाशी पोरगं ओरडतं,
"सिंगल कोण? सिंगल आहे का कुणी?"
आणि मी हात वर करते,
उत्तर येत असलेल्या मुलीसारखा, ताठ.
दीडशे माणसं मागे टाकून
कुणाच्या तरी नवऱ्याशेजारी, कुणाच्या तरी रडक्या लेकराशेजारी
पट्टा आवळून बसते.
उलटं टांगलं की सगळे सारखेच किंचाळतात.
एका कॉलेजातल्या पोरानं माझं मनगट गच्च धरलं,
खाली आल्यावर म्हणाला, सॉरी मावशी.
अरे, धर की.

इथे तोच एक
चार खुर्च्यांच्या टेबलाशी येऊन अडतो.
वेटर तीन पेले उचलतो, तीन ताटल्या,
इतक्या हळू, की जणू कुणी गेलंय.
कुणी गेलं नाही, बाबा.
कुणी आलंच नव्हतं.

काल बेसिनशेजारी बसवलं होतं.
हात झटकणाऱ्या प्रत्येकाचा थेंब माझ्या वरणात.
परवा समोरच्या भिंतीवर पाटी,
'एका थाळीत दोघांनी जेवू नये.'
दोनदा वाचली.
परभणीच्या कोषागारात एकतीस वर्षं काढली की
आपल्याला लागू नसलेली सूचनाही नीट वाचायची सवय लागते.

आज वेटरला मनगटावरचा कागदी पट्टा दिसतो.
"नातवंडांना घेऊन आलात?"
"नाही. मीच आले."
"पार्कात?"
"पाळण्यात बसायला."
तो पाणी ओततो. काठोकाठ.

त्याला काय सांगू,
नागपंचमीचा झोका चिंचेवरून उतरवला
तेव्हा मी चौदाची होते. मोठी झालीस, दादा म्हणाले.
पायाखालची जमीन त्यानंतरही गेली, बऱ्याचदा,
पण पोटात तसा गोळा
परत आला नाही.
काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आला.

जेवण येईपर्यंत डोळे कुठे ठेवायचे, एवढंच अवघड.
मेनूकार्ड झालं वाचून, मागचे पार्सलचे दर धरून.
पलीकडे सहा केळुसकर, सहाही मोबाइलमध्ये,
आजोबा मात्र ताकाशी काहीतरी बोलतायत.
"काकू, ही खुर्ची रिकामी आहे का?"
आहे. न्या.
"आणि ही?"
न्या.
तिसरी तर कुणी विचारलंही नाही,
शहांच्या अकराव्यासाठी सरकत गेली.

आणि मग टेबल एकदम मोठं झालं.
ओले केस मोकळे सोडले, क्लोरीनचा वास आला तर येवो.
एका कोपरासमोर भरलं वांगं,
दुसऱ्यासमोर बासुंदी,
मधल्या मैदानात भाकरी.
आधी बासुंदी खाल्ली.
मग वांगं. मग पुन्हा बासुंदी.
कुणी म्हणालं नाही, हे काय गं.

उद्या तो सगळ्यात उंच.
मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी ठेवलाय.

बिलावर छापलंय, व्यक्ती १.
हाताला सवय, पेन निघालंच.
खाली लिहून टाकलं,
अक्षरी एक फक्त.
लोकांना वाटतं, फक्त म्हणजे थोडं.
आमच्या टेबलावर फक्त लिहितात
ते नंतर कुणी त्यात भर घालू नये म्हणून.

बडीशेप जरा जास्तच घेतली मुठीत.
दाराशी मुलगा ओरडला, "बागवान, चार!"
आणि चौघं आत आली,
खुर्च्या शोधत.